सोळा पूर्णांक आठ

मोटर आली तेव्हा अंगावर नावाची पाटी नव्हती.
चार रिव्हेटांची भोकं तेवढी, आणि पाटीखालचा
न विटलेला हिरवा रंग.
एलिसो म्हणाली, ओझुर्गेतीच्या चहा-कारखान्यात
कोळिष्टकांखाली सापडली. पानं वळायच्या यंत्राला होती.
तीस वर्षं बंद. अजून चालेल का, नाझिब्रोला?

चालेल का, हे मी मोटरीला विचारते.

आधी डीसी. दोन टोकांत दीड ओहम,
म्हणजे फेजला पाऊण.
वर्कशॉपात नऊ अंश. रिओनीवरचा वारा
शटरखालून येऊन स्टोव्हपाशी बसलेला.
तापमान वहीत लिहिते, कारण थंडीत तांबं
आपला रोध कमी करून सांगतं.

मग मोकळी सोडली.
तीनशे ऐंशी व्होल्ट, साडेसहा अँपिअर, चारशे वीस वॅट.
काहीच न करण्याचा खर्च. तो कुणाला चुकलाय?
लोखंड तापतं, बेअरिंग कुरकुरतं,
पंखा उगाच हवा ढवळत राहतो.

मग कोंडली.
गोचाने शाफ्टला ओकची फळी आवळली आणि वर स्वतः बसला,
भाचा माझा, ब्याण्णव किलो, पहिल्यांदाच वजन कामी आलं.
व्होल्टेज हळूहळू चढवलं. अठ्ठ्याहत्तरलाच
साडेपंधरा अँपिअर.
लवकर वाच, तो ओरडतो, खालून गरम होतंय!
एक हजार पंचेचाळीस वॅट. बंद कर.

भागिले तीन, भागिले करंटचा वर्ग,
एक पूर्णांक पंचेचाळीस. त्यातून पाऊण वजा.
उरले सत्तर शतांश, ते रोटरचे.
रोटरची एक तारही बाहेर येत नाही.
त्याला मीटर लावायला जागाच नाही,
तो वजाबाकीतच सापडतो.

जुना पट्टा-ब्रेक लावून भार दिला. चौदाशे चाळीस फेरे.
क्षेत्र पंधराशेने पळतं. हा साठ मागे, शंभरात चार.
म्हणजे तोटाच की, गोचा म्हणतो.
नाही रे बाबा. बरोबरीने पळाला
तर त्याच्यात काही जागंच होणार नाही.
मागे राहतो, म्हणून ओढला जातो.

सत्तर शतांशांना चोविसाने गुणलं. सोळा पूर्णांक आठ.
आकृतीत तो रोध मी सगळ्यात उजवीकडे काढते.
मोटर खोला, तांबं उलगडा, पत्रा न् पत्रा वेगळा करा,
हा सोळा पूर्णांक आठ कुठेच मिळायचा नाही.
आणि सगळं काम तर त्याच्यातच होतं:
पानांचा पीळ, तो ओला कडू वास,
रात्रपाळीच्या बायकांचे हिरवे पडलेले तळवे.

पण ते पाऊण.
या घडणीला कोष्टक त्रेसष्ट शतांश सांगतं.
बारा जास्त. आणि तेही थंडीत.

गोचा गेल्यावर मी झाकण काढलं.
गुंडाळीत दोन तारा पिळून एक केलेल्या,
एक जाड, एक कुठल्याशा रेडिओतून सोडवलेली,
दोन्ही मिळूनही हव्या त्याहून बारीक.
टोकांना लाल सुती दोरा. गाठ डावखुरी.

वालिको.
ज्याने मला कॉइल भरायला शिकवलं.
त्या हिवाळ्याबद्दल, गावात वीज नव्हती, पगार नव्हता,
तांबं चोरीला जाई, तेव्हाच्याबद्दल
तो मरेपर्यंत एवढंच म्हणाला:
घरी बसून होतो.

गाठ मी सोडली नाही.
वार्निशचा एक हात दिला, झाकण लावलं,
वहीत पाऊणच राहू दिलं.
एलिसोला फोनवर सांगितलं, चालेल.
जरा जास्त तापेल. पंख्याची जाळी साफ ठेव.

सकाळी गोचा नवी पाटी ठोकत बसलाय.
व्होल्ट, फेरे, अँपिअर.
किती तास सलग चालेल, काय लिहू?

ते मोकळं ठेव, म्हटलं.
आज चालवू दिवसभर, आणि हात ठेवून बघू.