काट्यावरचा कॉम्प्युटर

खाणीने भंगार काढलं
तेव्हा आठशे रुपयांना मी हा घेतला, पोटवाल्या मॉनिटरसकट.
नऊ वर्षं एका केबिनीत होतो आम्ही,
खिडकीखाली लोखंडी काटा.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी, पावती.
उघडला तर पंख्यावर लाल माती.
दाढीच्या ब्रशने काढली, वाटीभर निघाली.
टाकली नाही अजून.

विंडोज त्याला झेपेना.
"काका, लिनक्स घालूया," फ्लाविया म्हणाली,
आग्नेलची धाकटी, फर्मागुडीला शिकते.
पेनड्राइव्ह ठेवून गेली
आणि वहीच्या कागदावर निळ्या शाईत तीन ओळी.

तर झालं असं:
बटण दाबलं, पांढऱ्या अक्षरांची यादी सरसर वर गेली,
डाव्या कोपऱ्यात एक रेघ दोनदा लुकलुकली
आणि काळोख.
मॉनिटरचा हिरवा दिवा पिवळा झाला.
पण पंखा फिरत होता, डिस्क कुरकुरत होती,
आणि दीडेक मिनिटाने स्पीकरमधून
आत या म्हणणारा एक छोटा ढोल.
म्हणजे आत सगळं उजाडलं होतं,
मला दिसत नव्हतं इतकंच.

"कॅप्स लॉक दाबा," ती फोनवर. "दिवा लागतो?"
लागला. विझला. लागला.
"मग जिवंत आहे."
मी आणखी चार-पाच वेळा दाबलं.

कागदाची पहिली ओळ:
सुरू होताना शिफ्ट धरून ठेवा, मग ई,
लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लिहा नोमोडसेट.
मी एक अक्षर गाळलं.
यंत्राने हूं की चूं केलं नाही, पुन्हा काळोख.
दुसऱ्या रात्री बरोबर लिहिलं. पडदा आला.
पण कसा, तर चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचावं तसा,
अक्षरं फुगलेली,
खिडकी ओढली तर मागून घसटत येते,
चढावावरच्या ओव्हरलोड ट्रकसारखी.
"ड्रायव्हरला घरी बसवून
आपणच गाडी ढकलतोय," ती म्हणाली.
मला तेवढंही चाललं असतं.
तिला नाही.

रविवारी मीस सुटल्यावर आली,
चपला पायरीवर, केसांत अजून चर्चचा रुमाल.
नोमोडसेट काढून टाकला, काळोख होऊ दिला,
मग तार जोडून स्वतःच्या लॅपटॉपवरून
मागच्या दाराने याच्या आत शिरली
आणि मोठ्याने वाचलं:
व्हीजीए-वन, जोडलेला.
एलव्हीडीएस-वन, जोडलेला.
थांबली.
"काका, याचा दुसरा पडदा कुठे आहे?"
नाही गं.
"कधी होता?"
कधीच नाही.
"याला वाटतं आहे. लॅपटॉपला असतो तसा, अंगाचाच.
त्यालाच मुख्य धरून बसलाय.
रोज सगळं तिकडेच दाखवतोय."

मी चहा ठेवायला उठलो. चहा झालेला होता.

साडेपाचला मी अजून दाढी करतो, पहिल्या पाळीची.
वळणावर गियर बदलल्याचा आवाज येतो का
म्हणून साबण लावलेला हात थांबवतो.
सुर्ल्याच्या रस्त्यावर गुरं बसलेली असतात.
हे मी तिला सांगितलं नाही.

उपाय एका ओळीचा निघाला:
व्हिडिओ, बरोबरचं चिन्ह, त्या पडद्याचं नाव,
दोन टिंबं, डी.
डी म्हणजे काय?
"नाही, असं सांगायचं त्याला."
एवढंच?
"एवढंच. पण प्रत्येक वेळी सुरू होताना सांगावं लागतं.
म्हणून फाइलीत लिहून ठेवते."

पडदा आला, काठोकाठ, धारदार.
तिने उजेड कमी केला, तेव्हा दिसलं,
काचेत खोल, फिकट, जळून बसलेले चार रकाने:
ट्रक नंबर. भरलेलं. रिकामं. निव्वळ.
बोटाने घासून पाहिलं तिने.
"हे जायचं नाही काका.
हे ड्रायव्हरचं नाही, काचेचं आहे."
राहू दे, म्हटलं.