उलटी अक्षरं

मी आधी उलटं वाचायला शिकले.
सिवासच्या टांकसाळीमागं आमची खोली,
खिडकीशी बाबांचा ठोकळा, त्यावर पोलादी ठसा,
ठशात सुलतानाचं नाव
आरशात दिसावं तसं.
मी चार वर्षांची. खाचांतून बोट फिरवायची.

पुढं मकतबात खोजांनी पाटीवर तेच नाव लिहिलं
तेव्हा मान वाकडी करून मी म्हणाले,
हे चुकलंय.
छडी बसली.
रात्री तळहाताला लोणी चोळत बाबा हसले,
"अगं, आपल्याकडं सुलतान उलटाच असतो.
बाजारात गेला की सुलटा होतो."

कोन्यात कुणी मेलं की दवंडीच्या आधी
आम्हाला कळायचं.
ओल्या गोणपाटात गुंडाळलेला पोलादाचा नवा गज यायचा,
मागून कागदावर नाव,
शाई अजून ओली.
मशिदीतला खुत्बा नंतर. शोक त्याच्याही नंतर.
जुन्या ठशावर छिन्नीचा घाव घालायचा, असा हुकूम असे.
बाबा घालत. एकच, आडवा,
नावाच्या कंबरेतून.

कैखुस्रौ, कैकाऊस, कैकुबाद,
मग पुन्हा कैखुस्रौ, पुन्हा कैकाऊस.
"तोच काफ, तोच ये," बाबा म्हणत,
"चांगलं घराणं आहे.
सुरुवात पाठ झालीय हाताला."

एका सुलतानाला नाण्यावर राणीचा चेहरा हवा होता म्हणे.
जाणत्यांनी नाकं मुरडली.
मग सिंह आला, सिंहाच्या पाठीवर सूर्य,
सूर्याला डोळे आणि भुवया.
बाबांनी राणी कधी पाहिली नव्हती.
त्या भुवया माझ्या आईच्या. डावी किंचित वर.
अंताल्यापासून एर्झुरूमपर्यंत
मेंढ्या, जर्दाळू, रेशीम, माणसं
आईच्या तोंडाकडं बघून विकली जात,
आणि आई
शेजारच्या मारगारकडून मीठ उसनं आणायची.

मग कोसे दागच्या उतारावर
एवढं मोठं सैन्य
बघता बघता विरून गेलं.
सिवासनं दारं उघडली,
तीन दिवस लुटू दिलं स्वतःला, म्हणून उरलं.
मारगार चांदी गाळायचा; त्यानं मूस विहिरीत सोडली
आणि आमच्या सरपणामागं बसून राहिला,
दाढीत भुसा, हातात आईचाच मिठाचा वाडगा.
का उचलला, त्यालाही सांगता येईना.

पुढचा कागद आला त्यात तीन नावं.
तिघे भाऊ, एक नाणं, जागा नखाएवढी.
बाबांचे डोळे तोवर गेले होते.
मी कोरायची, ते बोटानं तपासायचे.
"मधला दाटलाय," म्हणाले.
"मधला दाटतोच," मी म्हणाले.

मग वर खानाचं नाव, खाली सुलतानाचं.
मग खालचं आणखी बारीक.
मग एका हिवाळ्यात, किझिलर्माक काठाशी गोठली होती तेव्हा,
कागदावर खालची ओळच नव्हती.
मी कारकुनाला विचारलं, राहिलं का काही?
त्यानं कागद फिरवून मागची बाजू पाहिली.
खरंच पाहिली, बिचाऱ्यानं.

एक ठसा मी पदराखाली आणला होता.
चीर पडलेला. कुणाचा ते सांगत नाही.
त्या चोरीला अजून शिक्षा असेल.
शुक्रवारी रोटी थापते तेव्हा
कणकेत दाबते.
नाव सुलटं उमटतं,
मला ते वाचायला अजूनही क्षणभर लागतो.
ठशातली चीर रोटीवर मात्र उंच उठते,
मावळतीकडून उगवतीकडं गेलेल्या वरंब्यासारखी.

मारगारचा नातू होव्सेप दारात उभा असतो.
त्याला अक्षर येत नाही, आमचंही नाही, त्यांचंही नाही.
तंदूरमध्ये आधी तो वरंबा करपतो
आणि होव्सेपला
तेवढाच भाग हवा असतो.