हरकत

शुक्राचा जो तुकडा माझ्या वाट्याला आलाय
त्याला ना वेस, ना शिव, ना सातबारा.
पाषाणच्या आमच्या दोन खोल्यांत, जेवणं उरकल्यावर,
मी त्यावर रेघा ओढते:
इथे जुना लाव्हा संपला, इथे नवा चढला,
इथे जमीन दुमडत गेली
आणि मग अर्ध्यात तिचं मनच उडालं.

कॅमेऱ्याला तिथे काही दिसत नाही. ढग उठतच नाहीत.
हे रडारनं चाचपून आणलेलं चित्र.
खडबडीत ते पांढरं, गुळगुळीत ते काळं.
दिवे गेल्यावर आपण काडेपेटी शोधतो
आणि हाताला आधी खवणी लागते, तसं.

मधले काही पट्टे कोरेच आहेत.
त्या फेरीत यान कुठे बघत होतं, कोण जाणे.

भाऊ बत्तीस वर्षं मोजणी खात्यात होते.
पुरंदर, भोर, वेल्हे.
साखळी, फळा, छत्री,
आणि बांधाच्या दोन्ही अंगांना उभी राहिलेली माणसं,
हात पाठीमागे घेऊन.
आता मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यानं
ते माझ्या पडद्याजवळ येतात.
"ही तुटक रेघ कसली?"
अंदाजाची, मी म्हणते. खाली नक्की काय आहे ते कळत नाही.
"आम्ही अशी रेघ काढली असती
तर सासवडला दोन सख्खे भाऊ कोर्टात म्हातारे झाले असते."
थोडं थांबून: "तसे झालेच म्हणा."

तिथे कुणी राहत नाही, भाऊ.
शिसं वितळेल इतकी तापलीय जमीन.
"मग तुला घाई कसली?"

रविवारी मी वेताळ टेकडीवरच्या खाणीत उतरते.
तिथे दोन लाव्ह्यांच्या मधे वीतभर तांबडा थर आहे.
म्हणजे तेवढी वर्षं इथे कुणी काही ओतलं नाही,
दगड नुसता मुरत पडला, माती होत गेला.
मी त्यावर बोट ठेवते. नखात तांबडं भरतं.
बस्स, एवढंच. तिकडे हे करता येत नाही.
तिकडच्या एका रेघेसाठी मी
आठवडाभर दोन काळ्यांमधला फरक बघत बसते.

तिथल्या लहान विवरांना बायकांची साधी नावं देतात.
माझ्या तुकड्यात एक बिननावाचं आहे.
माझ्यापुरतं मी त्याला तिमक्का म्हणते.
याच खाणीच्या तोंडाशी ती खडी फोडायची,
आणि शाळेतून येताना आम्हाला ओरडायची,
लांबून जा, कपच्या उडतात.
हे नाव कुठेही पाठवलेलं नाही.

मार्चमध्ये नकाशा पुरा झाला.
जांभळा, पोपटी, विटकरी; कडेला रंगांची सूची.
भाऊ म्हणाले, "छापून लाव कुठेतरी.
पंधरा दिवस हरकतीला ठेवायचा असतो."
मी हसले, आणि फ्रीजच्या बाजूच्या भिंतीवर लावला.

दूधवाल्यानं विचारलं, कुठला जिल्हा?
समोरच्या हर्डीकरबाईंना वाटलं, वॉलपेपरचा नमुना.
माझ्या गाईडनं फोटो पाहून अंगठा पाठवला.

चौदाव्या दिवशी पहाटे भाऊ
चहाचा कप घेऊन भिंतीपुढे उभे.
"हरकत आहे."
कशाला?
त्यांनी बोट ठेवलं: आग्नेयेला, दरीच्या तिसऱ्या वळणापाशी,
एक सलग, काळी, ठाम रेघ.
"ही तू दमलेली असताना काढलीयस."

मला राग आला. शुक्रातलं यांना काय कळतं?
मग लॅपटॉप उघडला, चित्र मोठं केलं, आणखी मोठं.
दोन्ही अंगांना सारखाच करडा.
तिथे हद्द होती, की मला झोपायचं होतं,
ते आता सांगता येईना.

भाऊ गॅलरीत गेले होते.
टेकडीच्या वर तो अजून दिसत होता, झगझगीत,
कुठेही रेघ नसलेला.
मी ती रेघ पुसली
आणि तुटक काढली.