इतर

ओपीडी सतरा, जिन्याखालची खोली.
केसपेपरवर व्यसनाचे तीन रकाने छापलेत:
तंबाखू. दारू. इतर.
गांजा 'इतर'मध्ये जातो,
पंक्चरच्या सोल्युशनसोबत, खोकल्याच्या बाटलीसोबत.
अठरा वर्षं मी तो तिथेच लिहीत आलेय.

लिहीत म्हणजे,
लोक सांगतील तेवढं.

सुहासिनी मयेकर मुलाला घेऊन आल्या.
मुलगा एकोणीसचा. पंख्याकडे बघून
उत्तरं देत होता, आम्ही न विचारलेल्या प्रश्नांची.
"अभ्यासाचं टेन्शन," त्या म्हणाल्या.
परत म्हणाल्या. आणि दाराबाहेरच्या हवालदाराकडे पाहिलं,
जो खरं तर बापाची शुगर दाखवायला आला होता.
आठ महिने त्या चाळीत उदबत्त्या लावत होत्या,
शेजाऱ्यांच्या नाकांना उत्तर म्हणून.
आठ महिने.
डॉक्टर डिमेलो म्हणाल्या, आधी आला असतात तर,
आणि वाक्य तिथेच सोडलं.

त्याच दुपारी तेलवणे, निवृत्त वायरमन,
केमोची सहावी फेरी, खिडकीत वाकून:
"बाई, दोन झुरके मारले की पेज पोटात राहते.
हे लिहू नका."
नाही लिहिलं.
सरकारच्या आकड्यांत तेलवणे ओकतच असतील अजून.

महाशिवरात्रीला आमचाच शिपाई
घोटलेली भांग आणतो स्टीलच्या डब्यातून.
तिला रकाना नाही. तो प्रसाद.

चहाला वाद होतो. कायद्याने मोकळा केला तर?
नवा निवासी डॉक्टर म्हणतो, आकडे वाढतील.
मी विचारते, कोणाचे?
ओढणाऱ्यांचे, की बोलणाऱ्यांचे?
तो गप्प.
पण मीही फार शहाणी नाही:
दारूला परवाना आहे, दुकानाला पाटी आहे,
आणि दारूचाच रकाना
दर महिन्याला पान उलटून पलीकडे जातो.
तंबाखूच्या पुडीवर तर सडलेला जबडा छापलाय.
माणसं तो जबडा दुमडून खिशात ठेवतात.

नवे केसपेपर आले छापून. तेच तीन.
मी पट्टी घेतली,
'इतर'च्या मधोमध एक रेघ मारली.
शिसपेन्सिलीने. पेनने मारायची हिंमत
अजून नाही.

मंगळवारी मयेकरबाई आल्या, तिसऱ्यांदा.
मुलगा बाकावर, हातात बिस्किटाचा पुडा, न फोडलेला.
मी केसपेपर त्यांच्याकडे फिरवला.
बराच वेळ वाचत राहिल्या.
मग रेघेच्या उजवीकडे बोट ठेवलं
आणि उचललं नाही.

हवालदार त्या दिवशी नव्हता.