तापाच्या रजा

मढवी बाईंचं सेवापुस्तक मार्चात बंद करायला घेतलं.
घणसोलीची शाळा, चित्रकला, एकतीस वर्षं.
रजांच्या रकान्यात माझ्याच अक्षरात
वर्षातून चारदा, कधी पाचदा:
दोन दिवस. कारण, ताप.

एकदा मी त्यांना गुळवेल आणून दिली होती.
मलेरियाची तपासणी करून घ्या म्हटलं, खाडी जवळ आहे.
बाई हसल्या.
नखांत त्यांच्या राखाडी काहीतरी असायचं,
मी खडू समजायचो.

आता बेरीज करताना दिसलं,
ताप नेमका शुक्रवारी चढायचा
आणि सोमवारी बाई हजर,
भुवया किंचित करपलेल्या.

विचारलं. म्हणाल्या, चला.

रबाळे, खोक्यांच्या कारखान्यामागे भाड्याचा गाळा,
चार सिलिंडर, आणि भिंतीला टेकून
कपाटाएवढी भट्टी.
"बाराशे ऐंशी अंश. उतरायला दोन रात्री लागतात.
आधी दार उघडलं तर सगळं तडकतं.
मी खोटं नाही लिहून दिलं, पाटणकर.
ताप कुणाला, ते तुम्ही विचारलं नाहीत."

फळ्यांवर टाचा.
नुसत्या टाचा, घोट्याशी संपलेल्या, शे-दीडशे,
आईची, मावशीची, मिठागरात उभ्या राहिलेल्या बायांच्या,
भेगाभेगांत पांढरी झिलई साचलेली.
प्रदर्शन एकच झालं, ठाण्यात, नऊ दिवस.
तीन विकल्या गेल्या.
एक कुणीतरी कागदांवर ठेवायला नेली.
"चांगली जड होती," बाई म्हणाल्या,
आणि यात तक्रार कुठे आहे
ते मला सापडलं नाही.

खालच्या फळीवर पोरांची कामं:
बैल, जेसीबी, दोन गणपती, एक मोबाईल.
भट्टीत कोपरा उरतोच, म्हणाल्या.
एकदा सातवी ब मधल्या एकाची गाय फुटली,
पोटात हवा राहिली होती.
अकरा टाचा गेल्या तिच्यासोबत,
सबंध पावसाळ्याचं काम.

मग? काय सांगितलंत पोराला?

"गाय हरवली म्हटलं. माझ्याकडूनच.
दुसरी कर, म्हटलं, या वेळी पोकळ कर
आणि पोटाला एक भोक ठेव."

शेऱ्याचा रकाना मी भरून टाकला होता,
समाधानकारक, नियमात तेवढंच बसतं.
शिल्लक रजा सहा दिवस.

निघताना, बाई कुलूप शोधत होत्या तेवढ्यात
मी भट्टीच्या दाराला हाताची पाठ लावली,
कपाळाला लावतात तशी.
होता अजून थोडा.