नोंदीत नाही

हार्टफर्डला फेब्रुवारीत नऊ वाजले तरी उजाडल्यासारखं वाटत नाही.
विधानभवनाचा दुसरा मजला. रेडिएटर आतून ठोके देतोय.
मी यंत्र मांडते, बोटं चोळते.
बावीस कळा, त्यांत अख्खी इंग्रजी मावते.
माझं काम ऐकण्याचं. मत असण्याचे पैसे मिळत नाहीत.

समोर न्यायमूर्ती हेलेना ओक्रासिन्स्की,
न्यू ब्रिटनच्या, बेअरिंगच्या कारखान्यातल्या फिटरची मुलगी.
राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवलंय.
गळ्यातला क्रूस ब्लाउजच्या आत ढकललेला,
साखळी दिसतेच.

सिनेटर डेलाफील्ड चष्मा पुसत विचारतात:
असह्य दुखण्यातला माणूस मरण मागतो.
उद्या कायदा हो म्हणाला, तुमचं चर्च नाही म्हणालं,
तर बाई, त्या खुर्चीत कोण बसेल?

'श्रद्धा मी बाजूला ठेवीन.'

बाजूला म्हणजे कुठे?
टाइप करता करता माझ्या आत खुट्ट वाजतं.
आमच्याकडे देवळाबाहेर चपला काढून ठेवतात;
आत हात जोडलेले, डोळे मिटलेले,
आणि सगळं लक्ष चपलांवर.

आप्पा आठवले. कऱ्हाडच्या कोर्टात बेलीफ.
ज्या घरी जप्ती, त्या घरचं पाणी घ्यायचे नाहीत.
एकदा कासाराच्या बायकोनं तांब्या पुढे केला,
म्हणाली, तुम्हाला तहान लागत नाही का हो?
'लागते की,' म्हणाले,
आणि बांगड्यांच्या पेट्या मोजत राहिले.
चार मैल सायकल मारून घरी आले
ते थेट माठापाशी.

आता दुसऱ्या पक्षाचे सिनेटर. आवाजात साय.
देव मानणारी व्यक्तीच न्याय नीट करते, नाही का?
मागच्या बाकांवर टाळ्या.
बाई हसत नाहीत. 'सर, हा तोच प्रश्न आहे.
तुम्ही फक्त तो गोड करून विचारलात.'
टाळ्या थांबल्या. (टाळ्यांची नोंद होते. थांबण्याची नाही.)

मग कडेची एक तरुण सदस्या, कागदात न बघता:
तुमच्या आई मेरिडनच्या शुश्रूषागृहात एकोणीस महिने होत्या.
त्यांनी कधी मागितलं होतं?

भिंतीवरच्या घड्याळात अकरा सेकंद.
रेडिएटर. कुणाची तरी खुर्ची.
माझी बोटं कळांवर, वर तरंगती.
शांततेसाठी कळ नसते.

'हो. रोज, जेवणाआधी.
मी नाही म्हणत राहिले. मुलगी होते.
न्यायाधीश असते तर काय म्हटलं असतं,
मला माहीत नाही.
दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय कळणारही नाही.
आजच माहीत आहे असं सांगितलं,
तर मला नेमू नका.'

दोन वर्षांपूर्वी, इथून दीड मैलावर,
सहाव्या मजल्यावर मीही एका कागदावर सही केली.
नळ्या काढा, असं त्याच्यावर लिहिलं होतं.
सही कुणासाठी, ते या नोंदीत येत नाही.
'मुलगी होते' हे शब्द मी उतरवले तेव्हा
एकही अक्षर चुकलं नाही. रात्री तपासलं.
छातीचं कुणी तपासत नाही.

मतदान सोमवारी.

खाली पार्किंगमध्ये वाऱ्याला सुरी लावलेली.
बाई गाडीच्या काचेवरचा बर्फ
लायब्ररीच्या कार्डानं खरवडताहेत.
मी माझा खरवडा पुढे केला. बोललो नाही,
तिनं माझ्याकडे, मी तिच्या हातांकडे बघितलं.

आपण सगळे स्टीअरिंगपुढचं वीतभर साफ करतो
आणि मान वाकडी करून निघतो.
ती पुरं झाल्यावरही थांबली नाही.
गाडीला वळसा घालून पलीकडे गेली,
जिथे कुणीच बसणार नव्हतं त्या बाजूची काचही
कडेपर्यंत खरवडत राहिली.

मी माझा खरवडा परत मिळायची वाट बघत होते.
गारठून गेले.