शेवटचा बदल

टॅब तुझा. डाव्या कोपऱ्यात काच तडकलेली,
चार्जरची वायर रबरबँडनं जखडलेली.
"घे, माझ्या काय कामाचा आता," म्हणालास,
आणि पप्पा माथाडीचा आकडा टांगतात त्या खिळ्याखाली
फळीवर ठेवून महापेच्या बसला पळालास.

खातं बदलायचं राहून गेलं.

नोट्सचं ॲप उघडलं तर आत तूच होतास,
एकोणीस वर्षांचा, उत्साही, शुद्धलेखनात कच्चा.
"थर्मो, युनिट दोन." "थर्मो, युनिट दोन, नीट."
बाणांचे रंग ठरवलेले: उष्णता लाल, काम निळं.
फळ्याचे फोटो, त्यांत मध्येच कुणाचं तरी डोकं.
एका व्हॉइस नोटमध्ये सरांपेक्षा पंखाच मोठा,
आणि तू शेजारच्याला कुजबुजतोस, "समोसे कोण आणतंय?"
ती मी तीनदा ऐकली.
सर काय म्हणाले ते अजून कळलेलं नाही.

मग युनिट तीन. शीर्षक, खाली दीड ओळ,
वाक्य "म्हणून" या शब्दाशी थांबलेलं.
शेवटचा बदल: चार वर्षांपूर्वी, ऑगस्ट, रात्री अकरा बावन्न.

त्या "म्हणून"च्या पुढे मी लिहायला लागले.
नवं पान उघडावंसं वाटलं नाही.
घणसोलीच्या आपल्या जिन्यात, तिसऱ्या पायरीवर,
कदमकाकूंचं वायफाय पोचतं तिथवर बसून
युनिट तीन, मग चार, तुझ्याच रंगांत.
आणि ॲप दर वेळी खाली इमानानं नोंदवत गेलं:
प्रणित यांनी आत्ताच बदल केला.
प्रणित यांनी आत्ताच बदल केला.
त्याच्या लेखी तू कॉलेज कधी सोडलंच नाहीस,
मध्ये फक्त जरा जास्त वेळ पाणी प्यायला गेला होतास.

परवा, चाचणीच्या आदल्या रात्री, दोन वाजून गेल्यावर
वैतागून एका ओळीपाशी तीन प्रश्नचिन्हं टाकली:
काम अधिक घ्यायचं की वजा???
पुस्तकात एक, सरांचं दुसरं, यूट्यूबवर तिसरंच.
टॅब मांडीवर ठेवून डोळे चोळत होते,
पाहते तर त्या ओळीखाली अक्षरं उमटतायत.
एकेक, थांबत थांबत,
हातमोजा न काढता टाइप केल्यासारखी.

"आधी बग काम कोणी केल. आपण केल, बाहेर गेल, तर वजा.
कोणी आपल्यावर केल तर अधिक.
एकच नियम धर आनि शेवट पर्यंत सोडू नको."

आणि जरा वेळानं, खाली: "झोप आता."

तुमच्या गोदामात रात्री दोनला चहाची सुट्टी असते, पंधरा मिनिटं,
एवढंच मला माहीत होतं.
त्या पंधरा मिनिटांत तू काय वाचतोस, कधीपासून वाचतोस,
हे विचारायला ॲपमध्ये जागा नाही,
आपल्या घरात तर नाहीच.
सकाळी आलास, बूट दाराबाहेर, मान अवघडलेली.
म्हणालास, "पोह्यांत मीठ कमी आहे."
मी म्हणाले, "घाल मग."
तू डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपलास, मी पेपरला गेले.

तुझ्या सगळ्यात जुन्या पानावर कामांची यादी आहे.
जर्नलवर सही. ड्राफ्टर परत करणे. फी, ३१ च्या आत.
पहिल्या दोन चौकोनांत बरोबरची खूण.
तिसरा रिकामा, चार वर्षं.
तिथून खाली सरकताना मी बोटसुद्धा जपून फिरवायचे.

काल माझ्या तिसऱ्या सत्राची पावती मोबाईलवर आली.
आज ते पान उघडलं,
तर तिसऱ्या चौकोनात खूण,
अक्षरांवरून बारीक रेघ.
शेवटचा बदल: प्रणित, रात्री दोन वाजून चार.

मी नव्हता केला.

युनिट पाच उघडलं. निळा रंग निवडला.